नारळी पौर्णिमा : कोळीवाड्याचा सण आणि समुद्राचे पंचांग

श्रावणातील पौर्णिमेस महाराष्ट्रात निदान चार नावे आहेत, आणि ज्याचा जसा व्यवहार तसे त्याने नाव उचललेले आहे. वेदाध्ययन करणाऱ्यांची ती श्रावणी, पोवती वाहणाऱ्यांची पोवत्याची पुनव, भावाबहिणींची राखी पौर्णिमा आणि ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांची नारळी पौर्णिमा. पहिल्या तिन्ही नावांमागे सूत आहे : जानव्याचे, पोवत्याचे, राखीचे. चौथ्या नावामागे फळ आहे. सूत तेथेही आहेच, पण ते जाळ्याचे, आणि ते दोन महिने डागडुजी होऊन त्या दिवशी पाण्याची वाट पाहत पडलेले असते.

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव घेतले, तर तेथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. शोभेच्या दारूसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी पौर्णिमेचा दिवस राखीचा म्हणूनच उगवतो. नारळ फुटतो तो देवळात, पाण्यात पडत नाही. अशा प्रदेशातील विद्यार्थ्यास कोळीवाड्यातील सण हा दुसऱ्याचा सण वाटावा हे स्वाभाविक आहे. तथापि किनारा आणि पठार यांस बांधणारा दुवा एकच आहे, व तो म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा. जो वारा कोकणचे बंदर बंद करतो, तोच सह्याद्रीवर बहुतेक रिता होऊन बालाघाटावर उरलासुरला पाऊस आणतो. तेरखेड्याच्या परिसरात उगम पावणारी तेरणा त्याच पावसावर वाहते. (तिचे पाणी मात्र पश्चिमेस फिरत नाही, मांजरा आणि गोदावरी यांच्या वाटेने ते पूर्वसमुद्रास मिळते.) याच तेरणेच्या काठी असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर, ही ओळख फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात तगर हे पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून येते आणि तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरी जात असल्याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात भडोचकडे येणाऱ्या जहाजांनी इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे असे सांगितले आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्यास लागेपर्यंत वाऱ्याचा कडका ओसरलेला असावा, हा हिशेब त्या नाविकांनाही पाठ होता. तगरच्या विणकरास समुद्र दिसला नसेल. पण त्याच्या मालाचा भाव समुद्र केव्हा उघडतो यावर काही अंशी अवलंबून असणार, यात शंका नाही.

समुद्र ‘उघडतो’ म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम पाहणे अवश्य आहे. नारळी पौर्णिमेस पावसाळा संपतो असे सर्रास सांगितले जाते; ते खरे नव्हे. मुंबईतून मोसमी वारे परततात ते सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पौर्णिमेनंतर महिना-सव्वा महिना पाऊस पडावयाचा असतो. संपतो तो पाऊस नव्हे, तर वाऱ्याचा परम जोर. अरबी समुद्रावर हा वारा जुलैमध्ये सर्वांत प्रबळ असतो आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात त्याचा कस उतरू लागतो. शिडाच्या होडीस पावसाचे भय नाही, लाटेचे आहे. किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटेतून होडी बाहेर काढणे आणि परत आत आणणे हेच कोळ्याच्या धंद्यातील सर्वांत धोक्याचे काम. ते ज्या काळात अशक्य, तो काळ बंदर बंद असण्याचा. हा बंद खुल्या समुद्राचा होता, खाड्यांचा नव्हता. मुंबई बंदराच्या आतील पाण्यात पावसाळ्यातही ये-जा चाले, आणि तीही किती बेभरवशाची असे ते १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीने दाखवून दिले. सहाशेहून अधिक माणसे त्या एका सकाळी बुडाली. जी वाचली त्यांतील पुष्कळांस रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. कोकणच्या जुन्या पिढीस नारळी पौर्णिमेआधीचा समुद्र म्हटला की अद्याप हे नाव आठवते.

बंदीचे हे दोन-अडीच महिने कोळीवाडा स्वस्थ बसलेला नसतो. जेष्ठ लागण्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात. आगोटीचे सामान भरून झालेले असते : तांदूळ, मीठ, मसाला, जळण आणि सुकी मासळी. उन्हाळ्यात बांबूच्या मांडवांवर वाळविलेले बोंबील, जवळा व सोडे हे या दिवसांचे अन्नही असते आणि चलनही. मराठवाड्याच्या आठवडे बाजारांत सुकट आणि सुके बोंबील विकावयास येतात, ते याच साठ्यापैकी. घरात पुरुष जाळी विणतात व दुरुस्त करतात, खाडीत थोडी मासेमारी चालते, बायका असेल ती मासळी डोक्यावर घेऊन विकतात. पैसा मात्र आटत जातो. हंगामाच्या आरंभी लागणारे जाळे, दोर व डागडुजी यांसाठी दलालाकडून उचल घ्यावी आणि मग त्यालाच मासळी घालावी, ही रीत जुनी आहे. मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या त्या ही साखळी सैल करण्यासाठीच. तेव्हा नारळी पौर्णिमेच्या आनंदात जो उतावळेपणा दिसतो त्याचे मूळ केवळ भक्तीत शोधू नये. रित्या होत आलेल्या घराने भरलेल्या घराची वाट पाहणे, हेही त्यात आहे.

आता त्या दिवसाचा क्रम पाहू. मुंबईच्या परिसरात वरळी, माहीम, खार दांडा, वेसावे अशा कोळीवाड्यांत हा सण मोठ्या प्रमाणावर होतो. तपशिलात प्रत्येकाचा वेगळेपणा असला तरी सांगाडा बहुतेक सारखा आहे. पौर्णिमेच्या आधीचे आठ-दहा दिवस होडीचे असतात. झाप उतरतात, सांधे बुजविले जातात, तळास तेल लागते, अंगास रंग चढतो. प्रत्यक्ष दिवशी नाळेस, म्हणजे होडीच्या पुढील उंच टोकास, हार घालून हळदकुंकू वाहतात, नारळ वाढवितात. डोलकाठीवर बावटा आणि पताका लागतात. नाखवा, तांडेल आणि खलाशी हे एरवी कामाच्या पायऱ्यांनी विभागलेले लोक त्या दिवशी एकाच होडीचे म्हणून उभे राहतात. घरात नारळीभात आणि ओल्या नारळाच्या करंज्या होतात. श्रावणामुळे पुष्कळ घरांत मासळी वर्ज्य असते, त्यामुळे मासेमारीच्या सर्वांत मोठ्या सणास पानात मासा नसावा, ही गंमत येथे घडते.

तिसऱ्या प्रहरानंतर मिरवणूक निघते. सोनेरी कागदात गुंडाळलेला किंवा मुलामा दिलेला मोठा नारळ पालखीत अथवा सजविलेल्या गाडीवर ठेवलेला असतो. पुढे वाद्ये, मागे कोळी धाटणीचे लुगडे नेसलेल्या, अंबाड्यात फुले माळलेल्या व अंगभर दागिने ल्यालेल्या स्त्रिया. हा दागिना मिरविण्यात नुसती हौस नाही. कोळी कुटुंबात विक्री आणि पैसा स्त्रीच्या हाती असतो, आणि बंदीच्या काळात गहाण पडण्याजोगी वस्तू तीच असते. तो अंगावर दिसणे म्हणजे हे घर पावसाळ्यातून निभावले याची जाहीर ग्वाही होय. मिरवणूक किनाऱ्यास पोहोचली की वाड्याचा पाटील किंवा मानकरी समुद्राची पूजा करतो, आरती होते आणि नारळ पाण्यास दिला जातो. ‘फेकला’ असे कोणी म्हणत नाही. तो ‘वाहिला’ किंवा ‘अर्पण केला’ जातो. त्यानंतर घरोघरचे नारळ पाण्यात पडतात, आणि काही वेळातच वाड्यातील पोरे पाण्यात उड्या घेऊन त्यांतील पुष्कळसे परत काढतात. त्यास कोणी हरकत घेत नाही. देवाने घेतला तो नारळाचा भाव, खोबरे पोरांचे, अशी ही वाटणी आहे.

पोरांच्या या लाभास समुद्राचे गणितही साहाय्य करते, आणि ते गणित प्रत्येक कोळ्यास तोंडपाठ असते. तिथीस तिनाने गुणून चाराने भागावे. जो अंक येईल त्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, म्हणून पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. मुंबईस पौर्णिमा-अमावास्येची भरती दुपारी व मध्यरात्री साधारण सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान पूर्ण होते. स्थळपरत्वे थोडा फरक पडतो. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा होतो आणि नियमात एका तिथीस पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे धरली आहेत. पंधरा दिवसांत साचणारी तफावत पक्ष बदलताना पुन्हा एकपासून मोजल्याने निघून जाते. घड्याळ आणि भरतीची छापील कोष्टके हाती नसताना बोटांवर करता येणारे याहून सुटसुटीत गणित क्वचितच असेल. या हिशेबाने नारळी पौर्णिमेच्या सायंकाळी पाच-सहाच्या सुमारास ओहोटी पूर्ण होत आलेली असते. ओहोटीच्या शेवटी सोडलेला नारळ दूर जात नाही. पुढची भरती त्यास पुन्हा किनाऱ्याकडे आणते. ज्यांना नारळ समुद्राकडेच राहावा असे वाटते ते होडीतून खोल पाण्यात जाऊन तो वाहतात.

या गणिताचा अधिक महत्त्वाचा उपयोग जाळ्याशी आहे. मुंबई व उत्तर कोकण येथील कोळ्यांचे मुख्य जाळे डोल. हे मोठ्या पिशवीच्या आकाराचे असून समुद्रतळाशी खुंट रोवून त्यास बांधलेले असते. ते ओढावयाचे नसते. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून ठेवावयाचे आणि पाणीच बोंबील, जवळा त्यात लोटीत आणते. भरती उलटली की जाळे उचलून पुन्हा मांडावयाचे. असे जाळे चालते ते प्रवाहाच्या बळावर, आणि प्रवाह बळकट असतो तो पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास. त्यास कोळी उधाण म्हणतात. मुंबईस उधाणाच्या भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. सप्तमी-अष्टमीच्या आसपास पाणी मंदावते, त्यास भांग म्हणतात. तेव्हा जाळे वाळवावे, सांधावे, घरची कामे उरकावीत. कोळ्याचा आठवडा सात दिवसांचा नसून उधाण आणि भांग अशा दोन पारड्यांचा आहे. हंगामाचा आरंभ पौर्णिमेसच का, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळण्याजोगे आहे. श्रावण महिन्यात वारा उतरतो हे खरे. परंतु त्या महिन्यातील तीस तिथींपैकी डोलीस पहिली चांगली ओढ देणारी, रात्री उजेड असणारी आणि दुपारच्या भरतीने होडी सहज पाण्यात घालता येणारी तिथी पौर्णिमाच आहे. तिच्या आधीच्या अमावास्येस वारा अद्याप कडक असतो, आणि नंतरच्या अमावास्येपर्यंत थांबणे रित्या घरास परवडत नाही. हे आमचे अनुमान आहे. परंतु ते कोळ्यांच्या कामाच्या रीतीशी जुळते.

दक्षिणेकडे मालवणास याच सणाचा चेहरा थोडा पालटतो. तेथे तो मच्छीमारांइतकाच व्यापाऱ्यांचाही आहे, कारण मालवण हे गलबतांचे बंदर होते आणि पावसाळ्यात थांबलेली मालवाहतूक या दिवसानंतर सुरू होई. सिंधुदुर्ग किल्ल्यातील मंडळी आपला मानाचा नारळ सागरास देतात आणि बंदरावर शहरातील व्यापारी व नागरिक एकत्र जमतात. किल्ल्याच्या बांधकामास १६६४ मध्ये आरंभ झाला. शिवाजी महाराजांनी सोन्याचा नारळ समुद्रास अर्पण करण्याची प्रथा घातली असे तेथे परंपरेने सांगतात. बंदरावर त्या दिवशी नारळ लढविण्याचा खेळ रंगतो : एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरावयाचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर आघात करावयाचा, ज्याचा फुटेल तो हरला. अलीकडे स्त्रियांसाठीही याच्या स्पर्धा भरतात. कवची कठीण असलेला नारळ निवडून काढणाऱ्या जाणत्यांना त्या दिवशी मोठा भाव असतो.

अर्पणासाठी नारळच का, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तीन डोळ्यांचे, शेंडीचे, मानवी मस्तकासारखे फळ म्हणून ते बळीच्या जागी आले, ही उपपत्ती विद्वानांत लोकप्रिय आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र किनाऱ्यावरील माणसास तिची गरज भासत नाही. नारळ किनाऱ्यावर पिकतो, त्यास बी, पाणी, अन्न आणि भांडे सर्व एकत्र असते, आणि तो बुडत नाही. ज्याच्या जिवास बुडण्याचे भय, त्याने तरंगणारे फळ पुढे करावे यात एक सरळ संकेत आहे.

समुद्राशी असा वार्षिक करार करणारे कोळी काही एकटे नव्हेत. व्हेनिस येथे प्रजासत्ताकाचा अध्यक्ष दरवर्षी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी राजनौकेतून बाहेर जाऊन समुद्रात अंगठी टाकी आणि त्याच्याशी विवाह लावी; १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपुष्टात येईपर्यंत हा विधी राज्याचा म्हणून चालला. तेथील भाषा स्वामित्वाची आहे : समुद्र वधू, नगर वर. कोळीवाड्यातील भाषा नेमकी उलट. तेथे समुद्र हा मालक किंवा बाप आहे आणि अर्पण करणारा त्याच्याकडे परवानगी मागतो. आपल्या शेजारी गोव्यात बार्देशसारख्या भागातील ख्रिस्ती मच्छीमार २९ जून रोजी संत पेद्रूच्या सणास होड्या एकत्र बांधून सांगोड करतात व त्यावर गाणी-नाटके होतात. तो सण पावसाळ्याच्या तोंडाशी येतो, म्हणजे समुद्र बंद होताना. नारळी पौर्णिमा तो उघडताना. धर्म भिन्न, तिथी भिन्न, पण दोहोंच्या मधले अंतर एकाच वाऱ्याने मोजलेले आहे. रत्नागिरीकडील दालदी मुसलमान मच्छीमारांसही हाच वारा बांधून ठेवतो.

कोळ्यांविषयी अभ्यासकांनी लिहिलेले साहित्य थोडे नाही. १८८२ व १८८३ च्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत त्यांची वर्णने आहेत; घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ १९५७ मध्ये आणि विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरील ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनकोळ्यांच्या देव्हाऱ्यात कार्ल्याच्या एकवीरेबरोबर खंडोबाही असतो, ही गोष्ट नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाशी परिचित असलेल्या वाचकास दूरची वाटणार नाही. पठाराशी असलेले आणखी एक साम्य आम्हांस याहून महत्त्वाचे वाटते. नारळी पौर्णिमेनंतर पंधराच दिवसांनी, श्रावणी अमावास्येस, मराठवाड्यात पोळा येतो. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळण होते. पोळ्यास त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. शिंगे रंगवून, झूल घालून, बाशिंग बांधून त्यास मिरवितात आणि मानाच्या क्रमाने वेशीतून नेतात. होडीस तेल, रंग, हार व बावटा, आणि मानकऱ्याच्या हातून पहिला नारळ. कष्टाच्या साधनाची वर्षातून एकदा पूजा, पूजेपुरती त्यास विश्रांती आणि गावातील मानाचा क्रम सर्वांसमक्ष पुन्हा मांडणे, ही तिन्ही अंगे दोहोंत आहेत. भेद इतकाच की पोळा खरिपाच्या मध्यावर येतो, तर नारळी पौर्णिमा हंगामाच्या उंबरठ्यावर. म्हणून पोळ्यात कृतज्ञता अधिक आणि नारळी पौर्णिमेत विनवणी अधिक.

उंबरठ्याच्या या स्थानामुळेच एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो आजच्या कोळीवाड्यात नुसता विद्वत्तेचा राहिलेला नाही. उंबरठा कोणी ठरवावयाचा? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने पौर्णिमा इंग्रजी तारखेच्या मानाने दरवर्षी अकरा दिवस मागे येते आणि अधिक मास पडला की सुमारे एकोणीस दिवस पुढे ढकलली जाते. २०२० मध्ये ती ३ ऑगस्टला होती, २०२१ मध्ये २२ ऑगस्टला, २०२२ मध्ये ११ ऑगस्टला, २०२३ मध्ये ३० ऑगस्टला. वारा मात्र तिथी पाळत नाही. तो सूर्याच्या गतीने चालतो. २०२० मध्ये पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले असताना, ५ ऑगस्टच्या सायंकाळी कुलाबा वेधशाळेने ताशी १०६ किलोमीटर वेगाचा झोत नोंदविला. पंचांगाप्रमाणे समुद्र उघडला होता. समुद्रास ते ठाऊक नव्हते. तेव्हा तिथी हा कधीच यांत्रिक नियम नव्हता, असे मानणे भाग आहे. लवकर आलेल्या पौर्णिमेस नारळ वाहावा आणि मग आभाळ, वारा व लाट पाहून तांडेलाने दिवस ठरवावा, असाच तो व्यवहार होता. पौर्णिमेपूर्वी निघू नये, एवढेच तिचे सांगणे. त्या दिवशी निघावेच, असे नव्हे.

पूर्वजांनी माशांच्या विणीचा काळ जाणून हा निर्बंध घातला, असे अलीकडे भाषणांतून वारंवार ऐकू येते. पावसाळ्यात अनेक जातींच्या माशांची वीण होते आणि या काळात जाळी बाहेर राहिल्याने पिलांना वाढण्यास अवसर मिळतो, हे परिणाम म्हणून निर्विवाद आहे. हेतू म्हणून ते सिद्ध करणे कठीण. शिडाच्या होडीस जुलैच्या समुद्रात जाणेच शक्य नव्हते, आणि जे शक्य नाही त्यापासून दूर राहण्यास दूरदृष्टी लागत नाही. निर्बंधाचा रखवालदार स्वतः समुद्र होता. याचा पुरावा असा की स्वातंत्र्योत्तर काळात होड्यांस यंत्रे बसू लागली, पुढे ट्रॉलर आले, आणि समुद्रास न जुमानण्याचे सामर्थ्य हाती येताच केवळ चालीरीतीवर बंदी टिकेना. कायद्याची आवश्यकता भासली. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्याखाली पावसाळी बंदी लागू झाली तेव्हा तिचा काळ १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत ठेवण्यात आला होता. शासकीय आदेशात तिथीस मिळालेले हे स्थान लक्षणीय आहे. पुढे केंद्राच्या धोरणानुसार पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा एकसारखा काळ ठरला आणि आदेशातून पौर्णिमा गेली. शेजारच्या राज्यांच्या नौका एकाच समुद्रात वावरतात, तेव्हा एकच तारीख हवी, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे.

त्याचा परिणाम कोळीवाड्यात काय होतो ते २०२३ मध्ये स्पष्ट दिसले. १ ऑगस्टला कायद्याने समुद्र मोकळा झाला. अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. मधल्या महिनाभरात मोठ्या यांत्रिक नौका हंगामातील पहिली, सर्वांत चांगल्या भावाची मासळी घेऊन आल्या. लहान होडीवाल्यांपुढे दोनच मार्ग होते : नारळाआधी निघावे, किंवा तिथी पाळून पहिला महिना गमवावा. पूर्वी पौर्णिमा सर्वांसाठी एकच रेघ होती. श्रीमंत नाखव्याची मोठी होडी आणि गरिबाची लहान होडी एकाच दिवशी पाण्यात उतरे, कारण समुद्र दोघांनाही सारखाच बंद होता. आता समुद्र प्रत्येकास त्याच्या यंत्राच्या बळाप्रमाणे निरनिराळ्या दिवशी उघडतो. सणाच्या मिरवणुकीत हे दिसत नाही. मिरवणूक उलट पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे, प्रेक्षक आणि पुढारी वाढले आहेत. परंतु नारळ वाहिला जात असताना त्याच वाड्यातील काही नौका महिनाभर खोल समुद्रात जाऊन आलेल्या असतात, आणि परवानगी मागण्याचा विधी परवानगी घेऊन झाल्यानंतर पार पडतो. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी अशी मागणी पारंपरिक मच्छीमारांकडून पुनःपुन्हा होते. तीत वाऱ्याचे भय व माशांची वाढ ही कारणे दिली जातात. ही जुनी सामाईक रेघ परत मिळावी अशी इच्छाही तिच्यात असावी, असे आम्हांस वाटते.

वाटेचा प्रश्नही आहे. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून खांबांमधील अंतर वाढविण्याचा आग्रह धरला. मूळ आराखड्यातील ६० मीटरचे अंतर दीर्घ वादानंतर, २०२२ च्या अखेरीस, १२० मीटर करण्याचे मान्य झाले. मागणी याहून अधिक होती. भरतीच्या ओढीत वळणारी होडी किती जागा घेते, हे तांडेलास अनुभवाने माहीत असते.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सणाच्या दिवशी किनाऱ्यावर हजर राहावेच. परंतु त्याहून अधिक उपयोगाचे साधन मच्छीमार सहकारी संस्थांच्या डिझेलवाटपाच्या आणि बर्फाच्या नोंदींत सापडेल. कोणत्या नौकेने हंगामाचे पहिले इंधन कोणत्या तारखेस उचलले, ही नोंद पाच-सहा वर्षांची काढून पौर्णिमेच्या तारखांशी ताडून पाहिली, तर तिथी अद्याप कोण पाळतो आणि कोण नाही, हे कोणाच्याही मुलाखतीपेक्षा स्पष्टपणे कळेल. २०२० आणि २०२३ ही दोन वर्षे, एकात पौर्णिमा अतिशय लवकर व दुसऱ्यात अतिशय उशिरा, या कामी प्रथम घ्यावीत. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांस तेवढ्यासाठी किनारा गाठणे अवघड असेल, तर त्यांनी ट्रॅक्टर आल्यानंतरच्या पोळ्याची अशीच नोंद आपापल्या गावी करावी. दोन्ही टिपणे शेजारी ठेवता येतील.